नाशिकची द्राक्षं रॉटरडॅमला जातात, पाणी कुठे जातं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंचं आजोळ येवल्याजवळ. मे महिन्यात तिथे टँकर येतो, हे त्या लहानपणापासून बघत आल्या. आता नोकरीसाठी नेदरलँड्समध्ये असतात. मार्चमध्ये तिथल्या दुकानात नाशिकची द्राक्षं दिसली, हौसेने घेतली, तर सोबतची मैत्रीण म्हणाली, "एक किलो द्राक्षांना सहाशे लिटर पाणी लागतं. दुष्काळी भागातून ती इकडे आणणं बरोबर आहे का?" ताई विचारतात, तिला काय सांगू? आणि ही द्राक्षं घेऊ की नको?

घ्या. पण मैत्रीण चुकीची आहे असं मात्र सांगू नका.

मी गेली पंचवीस वर्षं दिंडोरी-निफाड पट्ट्यातल्या द्राक्षबागांना सल्ला देतो आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त बागा निर्यातीच्या आहेत. म्हणजे माझी चूल याच धंद्यावर पेटते. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आधी तो सहाशेचा आकडा. तो कुणी हवेतून काढलेला नाही. तुमच्या नेदरलँड्समधल्याच आर्येन हूक्स्ट्रा यांनी (पुढे ते ट्वेंटे विद्यापीठात होते) २००२ मध्ये 'वॉटर फूटप्रिंट' ही कल्पना मांडली. पुढे त्यांनी आणि मेकोनेन यांनी जगभरच्या पिकांचा हिशेब मांडला, त्यात द्राक्षांची जागतिक सरासरी किलोला ६१० लिटरच्या आसपास निघते. पण या आकड्याची फोड सहसा कुणी सांगत नाही. त्यातले ४२५ लिटर म्हणजे पाऊस, जो जमिनीत मुरला आणि वेलीने पिऊन टाकला. धरणाचं, विहिरीचं, पाटाचं पाणी शंभर लिटरच्याही आत. उरलेलं प्रत्यक्षात कुणी वापरलेलंच नाही. खतांचा जो अंश खाली झिरपतो तो सौम्य व्हायला किती पाणी लागेल, त्याचा तो अंदाज आहे. युरोपातल्या पावसावर वाढणाऱ्या वाइनच्या बागा आणि आपली ठिबकवरची थॉमसन जातीची बाग, दोन्ही या एकाच सरासरीत बसवल्या आहेत.

आपल्याकडचं चित्र जवळपास उलटं आहे. एकूण लिटर कमी, पण त्यात पावसाचा वाटा थोडा आणि उपसलेल्या पाण्याचा मोठा. चांगली राखलेली बाग धरा, एकरी १० टन माल. अशा बागेला वर्षभरात ठिबकमधून साधारण २० लाख लिटर पाणी जातं, म्हणजे किलोला २०० लिटर. निर्यातीच्या एका कंटेनरमध्ये १३ टन माल बसतो असं धरलं तर त्यामागे २६ लाख लिटर झाले. गावात येणारा टँकर दहा हजार लिटरचा असतो. म्हणजे एका कंटेनरमागे २६० टँकर.

हा आकडा ऐकला की लोक म्हणतात, बघा, आपण पाणी परदेशात पाठवतो! तसं नसतं. द्राक्षाच्या मण्यात ऐंशी टक्के पाणी असतं, म्हणजे बोटीत बसून प्रत्यक्ष समुद्रापार जातं ते एक टँकरभर. बाकीचे २५९ टँकर पानांवाटे इथल्याच हवेत उडून गेलेले असतात. त्यामुळे किती लिटर गेले यापेक्षा ते कुठून उचलले, कोणत्या महिन्यात उचलले आणि त्या महिन्यात तेच पाणी आणखी कुणाला हवं होतं, हे विचारावं लागतं. सहाशे काय आणि दोनशे काय, यातलं काहीच त्या आकड्यातून कळत नाही.

महिन्याची गोष्ट जरा नीट सांगतो, कारण बाहेरच्या माणसाला ती ठाऊक नसते आणि आमच्यातले जाणकारही ती टाळतात. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तिच्यावर फळ येतं. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलं की एप्रिलमध्ये खरड छाटणी. तिच्यावर फळ येत नाही, पण पुढच्या वर्षीचा घड याच काळात काडीच्या डोळ्यात घडतो. तुम्ही मार्चमध्ये पनेट, म्हणजे दुकानातला प्लास्टिकचा डबा, उघडून द्राक्षं खाल्लीत, दुकानदाराच्या लेखी विषय संपला. आमच्याकडे मात्र त्याच वेलीला ऐन एप्रिल-मेमध्ये, ४० अंशांच्या उन्हात, फुटवे जगवायला रोज पाणी द्यावं लागतं. हिवाळ्यात विहीर जे सहज देते, ते मेमध्ये बोअरच्या तळातून खेचावं लागतं. आपला काळा कातळ पंजाबच्या गाळाच्या जमिनीसारखा नाही, तो पाणी धरतोच थोडं. पावसात भरतो, फेब्रुवारी-मार्चपर्यंत रिकामा होत येतो. म्हणजे डब्यातली द्राक्षं मार्चमध्ये संपतात आणि त्या वेलीची तहान मेमध्ये लागते. तुमच्या आजोळी टँकर येतो तो याच महिन्यात.

पाणी तेच, असंही काही ठिकाणी अक्षरशः म्हणता येतं. पालखेडचा डावा कालवा निफाडवरून येवल्याकडे जातो. उन्हाळ्यात पिण्याचं आवर्तन, म्हणजे ठरावीक दिवसांसाठी कालव्यात सोडलेलं पाणी, सुटलं की येवल्याचे आणि मनमाडचे साठवण तलाव त्यातून भरतात. त्या दिवसांत कालव्याकडेच्या मोटारींची वीज तोडतात, बंदोबस्त लावतात, कारण वरच्या अंगाला बागा आहेत आणि खालच्या अंगाला हंडे. मी वरच्या अंगाला काम करतो. आवर्तनाच्या रात्री कुणाच्या बागेत पाइप उतरतो आणि कुणाच्या नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत असतं.

"पण आमच्याकडे ठिबक आहे ना!" हे उत्तर तुम्हाला प्रत्येक बागाईतदार देईल. ठिबक चांगलंच. त्याशिवाय आजची बाग उभीच राहिली नसती. माझ्या उमेदवारीच्या काळात एका शेतकऱ्याकडे एक एकर पाटपाण्यावरची बाग होती. ठिबक केलं, पाणी निम्म्यावर आलं आणि उरलेल्या पाण्यावर त्यांनी दुसरा एकर लावला. पुढे तिसरा. त्यांचं काही चुकलं का? अजिबात नाही, मीच तर आखणी करून दिली. पण विहिरीच्या दृष्टीने काही वाचलं नाही. उलट पाटपाणी देताना जे मुरून शेजाऱ्याच्या विहिरीला जायचं, तेही बंद झालं. शेतात वाचलेलं पाणी खोऱ्यात वाचतंच असं नाही. जगभरचे पाण्याचे अभ्यासक हे आता उघड म्हणतात. अनुदानाच्या जाहिरातीत ते येत नाही, एवढंच.

तीच गत शेततळ्याची. शेततळं म्हटलं की शहरातल्या माणसाच्या डोळ्यांपुढे पावसाचं पाणी साठवणारा खड्डा येतो. आमच्या पट्ट्यात शेततळं म्हणजे काळ्या कागदाचं अस्तर घातलेली टाकी. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात, विहिरीला पाणी असतं तेव्हा, ते उपसून वर आणून ठेवायचं, म्हणजे मेमध्ये शेजाऱ्याची विहीर आटली तरी आपलं कुलूपबंद. ३० बाय ३० मीटरचं तळं धरा, म्हणजे पाण्याचा ९०० चौरस मीटर पृष्ठभाग. एप्रिलमध्ये दिवसाला आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरलं तर रोज सात हजार दोनशे लिटर नुसतं उन्हात उडतं. महिन्याला दोन लाखांच्या वर, म्हणजे २१ टँकर. जमिनीखाली सावलीत होतं तेव्हा ते उडत नव्हतं.

याच शेततळ्याच्या काठावरचा एक प्रसंग मी विसरत नाही. युरोपातल्या एका खरेदीदाराकडून तपासणीस आले होते. अर्जात रकाना होता, पाण्याचा स्रोत काय. बागाईतदार म्हणाले, शेततळं. साहेबांनी आनंदाने लिहिलं, 'पर्जन्यजल संधारण'. बोअरचा पाइप त्यांच्या बुटापासून दोन हातांवर तळ्यात सांडत होता. पलीकडे ठिबकच्या हेडवर पाण्याचा मीटर बसवलेला, काचेवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. मी काही बोललो नाही. माल माझ्याच सल्ल्याचा होता.

तेव्हापासून एक फरक पडलाय, तोही सांगायला हवा. शेतमाल नीट पद्धतीने पिकवल्याचं जे ग्लोबल गॅप प्रमाणपत्र असतं, त्याला आता पाण्याच्या वापराची 'स्प्रिंग' नावाची जोड आली आहे आणि युरोपातल्या काही साखळी दुकानांना ती लागते. त्यात पाण्याचा स्रोत कायदेशीर आहे का, मोजमाप आहे का, खोऱ्याची स्थिती काय, असं विचारतात. पहिल्या प्रश्नालाच आपली गाडी अडते. महाराष्ट्राच्या २००९च्या भूजल कायद्याप्रमाणे शेतीसाठी ६० मीटरपेक्षा खोल विंधन विहीर घेता येत नाही. ६० मीटर म्हणजे दोनशे फूट. आता दोनशे फुटांवर थांबलेलं बोअर कुणी दाखवलं तर मी त्यांच्या घरी पेढे घेऊन जाईन. गावोगावच्या बोअरच्या गाड्यांना हा कायदा माहीत नाही, की माहीत असून उपयोग नाही, तुम्हीच ठरवा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद असते, बोअरची बहुतेकदा नसते. परदेशी दुकानदार आपल्या सरकारपेक्षा कडक प्रश्न विचारतो, याचं मला वाईट वाटतं आणि बरंही वाटतं.

आता समजा, मैत्रिणीचं ऐकून तुम्ही नाशिकची द्राक्षं सोडलीत. त्या फळीवर काय येईल? जानेवारी-मार्चमध्ये युरोपात द्राक्षं पिकत नाहीत. दक्षिण आफ्रिकेची येतील, किंवा चिली-पेरूची. पेरूचा बराच माल इका खोऱ्यातला असतो. ते वाळवंट आहे, वर्षाकाठी पाऊस काही मिलिमीटर, म्हणजे नसल्यातच जमा. आधी तिथे शतावरीच्या जातीच्या ॲस्परॅगसने भूजल खाली नेलं, मग द्राक्षं वाढली. वर डोंगरात वांकावेलिका भागातून कालव्याने पाणी आणतात आणि तिथल्या पशुपालकांची त्यावरून तक्रार आहे. दक्षिण आफ्रिकेतली बरीचशी द्राक्षं वेस्टर्न केपमधली, आणि त्याच प्रांताची राजधानी केपटाउन २०१८ मध्ये नळ बंद करण्याच्या बेतात आली होती. चिलीच्या पेटोर्का खोऱ्यात ॲव्होकाडोच्या बागा हिरव्या आणि गावाला टँकर, हे वाचाल तर येवलंच आठवेल. टोपली बदलली म्हणून तुमच्या हातून कुणाची तहान भागणार नाही.

व्यापार हा पाण्याचा शत्रू आहे, असंही मला वाटत नाही. लंडनचे प्राध्यापक टोनी ॲलन यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला 'आभासी पाणी' ही कल्पना मांडली, २००८ मध्ये त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. त्यांचं म्हणणं साधं होतं. मध्यपूर्वेत पाणी संपलं तरी देश पाण्यासाठी लढले नाहीत, कारण पाणी गव्हाच्या रूपाने बोटीतून येत होतं. सौदी अरेबियाने ऐंशीच्या दशकात उलटा हट्ट केला, वाळवंटात खोल भूजल उपसून गहू पिकवला, एवढा की निर्यात केली. २००८ मध्ये शहाणपण आलं आणि २०१६ पर्यंत सरकारी गहू खरेदी बंद करून ते आयातीकडे वळले. जिथे पाऊस भरपूर तिथे पिकवावं आणि कोरड्या देशांनी विकत घ्यावं, यात गैर काही नाही. आपलं अडलंय ते वेगळ्याच जागी. आपण बरोबर उलटं करतो.

बघा. आपण बाहेरून काय आणतो? तूर म्यानमार, मोझांबिक, मलावीतून. पिवळा वाटाणा कॅनडा-रशियातून. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल अर्जेंटिना-ब्राझीलमधून. ही जवळपास सगळी पावसावरची पिकं. आणि बाहेर काय पाठवतो? तांदूळ आणि, परवानगी असेल त्या वर्षी, साखर. म्हणजे आपण दुसऱ्याचा पाऊस विकत घेतो आणि स्वतःच्या बोअरचं पाणी विकतो.

तांदळाचं थोडक्यात सांगतो, तो माझा विषय नाही. जगाच्या तांदूळ व्यापारातला जवळपास ४० टक्के माल एकट्या भारताचा. त्यातला पंजाब-हरियाणाचा भाग फुकट किंवा नाममात्र दराच्या विजेवर उपसलेल्या पाण्याचा. पंजाबने २००९ मध्ये कायदा करून भाताची लावणी १० जूनच्या आधी करायला बंदी घातली, भूजल वाचावं म्हणून. लावणी पुढे गेली, कापणी पुढे गेली, गव्हाच्या पेरणीला दिवस उरले नाहीत, तशी पेंढा जाळण्याची घाई वाढली आणि तो धूर नोव्हेंबरात दिल्लीवर जाऊन बसला. पाण्याची गाठ एकीकडे सोडवली की दुसरीकडे अशी बसते.

साखरेचं मात्र आपल्या अंगणातलं आहे. २०२१-२२च्या हंगामात देशातून सुमारे ११० लाख टन साखर बाहेर गेली, आणि त्या वर्षी उत्पादनात महाराष्ट्र देशात पहिला होता. वर्तमानपत्रांनी कौतुक केलं, मीही वाचलं. आता माझी द्राक्षांची तीच फूटपट्टी लावतो. एकरी ४० टन ऊस, पाऊस धरून (द्राक्षांत तो धरला नव्हता) ८० लाख लिटर पाणी, उतारा, म्हणजे उसातून निघणारी साखर, ११ टक्के, म्हणजे ४ हजार ४०० किलो साखर. किलोला १,८०० लिटर. शेतकऱ्याला टनाला तीन हजार मिळाले तर एकरी १ लाख २० हजार, म्हणजे एका लिटरमागे दीड पैसा. द्राक्षाला किलोमागे ७० रुपये मिळाले तर लिटरमागे ३५ पैसे, खर्च आणि अवकाळीचा धोका दोन्ही जास्त, तरीही. ब्राझीलचा साओ पावलोचा ऊस बहुतांश पावसावर उभा असतो. त्याच्याशी आपण उजनीच्या पाण्याने स्पर्धा करतो. केंद्राच्या कृषी मूल्य आयोगाने लिहून ठेवलंय की महाराष्ट्रात चार टक्क्यांपेक्षा कमी क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. २०१७ मध्ये राज्य सरकारने उसाला ठिबक सक्तीचं केलं. सक्ती अजून फायलीत आहे.

आणि लातूर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी गेलं ते लातूर. मांजरा खोऱ्यात तेव्हाही साखर कारखाने होते, आजही आहेत. त्याच लातूरची दुसरी ओळख म्हणजे तुरीचा बाजार आणि डाळमिल. तूर पावसावर येते, दुष्काळात थोडंफार पीक तरी देते, मुळांनी जमीन सुधारते. पण मे २०२१ मध्ये तुरीच्या आयातीवरची मर्यादा उठली, पुढे शुल्कही गेलं. मोझांबिकशी तर २०१६ मध्येच करार झाला, त्याच दुष्काळाच्या वर्षी. मंडईत परदेशी तूर आली की भाव बसतो. उसाला एफआरपी, म्हणजे कारखान्याने द्यायचाच असा केंद्राने ठरवलेला किमान दर, आहे, कारखान्याची गाडी बांधावर येते, पैसे उशिरा का होईना मिळतात. तुरीला हमीभाव आहे, पण खरेदी केंद्र कधी उघडेल, बारदाना कधी येईल, याची खात्री नाही. लातूरच्या शेतकऱ्याने ऊस लावला तर तो पाण्याचा उधळ्या ठरत नाही, तो हिशेब जाणणारा माणूस आहे. पाण्याचं धोरण जलसंपदा खात्यात ठरतं असं आपण समजतो. ते ठरतं आयात शुल्काच्या अधिसूचनेत. बाकी, साखर निर्यातीला बंदी घातली म्हणून ऊस कमी झालेला मला तरी दिसला नाही, तो इथेनॉलकडे वळला.

मग द्राक्षवाल्यांनी काय करावं? इलाज आमच्याकडे आहेत, त्यात नवल काही नाही. बोदावर, म्हणजे वेलीच्या ओळीच्या उंचवट्यावर, बगॅसचं (उसाच्या चोयट्यांचं) आच्छादन. डॉगरिज या जंगली द्राक्षाचा खुंट, ज्यावर आपली वेल कलम करतात आणि जो पाण्याचा ताण सोसतो. खरड छाटणीनंतर डोळ्यात घड घडत असतो तेव्हा पाणी हात आखडून द्यायचं. त्याने घड उलट चांगले सुटतात, आणि हा काळ नेमका मे-जूनचा. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचं अवस्थेप्रमाणे पाण्याचं वेळापत्रक आहे, बाष्पीभवन मोजून द्यायचं. ते भिंतीवर लावलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं, मोटारीजवळ क्वचित. लोक अजून वाफसा न बघता, शेजाऱ्याची मोटार सुरू झाली की आपली सुरू करतात.

पण एकट्याच्या बागेत मोजून भागत नाही, हे मी वाघाड धरणाच्या खाली शिकलो. ओझरच्या बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी तिथे शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या केल्या. पुढे अख्ख्या प्रकल्पाचं पाणी संस्थांनी घनमीटरवर मोजून घेतलं आणि आपसात वाटलं. कालव्याच्या शेपटाकडच्याला आधी, असा त्यांचा आग्रह. मोजून मिळालेलं पाणी माणूस मोजून वापरतो. तिथे द्राक्षं आहेत, निर्यातही आहे, आणि कुणाच्या वाट्याचं किती हे वहीत लिहिलेलं आहे. तुमच्या मैत्रिणीच्या प्रश्नाला आमच्या जिल्ह्याने दिलेलं सगळ्यात बरं उत्तर मला तरी तेच वाटतं.

तेव्हा तिला सांगा, की सहाशे नाही, दोनशेच्या आसपास, पण त्यातलं मेमधलं पाणी महाग आहे. दुकानात विचारा, तुमच्या द्राक्षांना स्प्रिंगची जोड आहे का. एकीने विचारून काही होत नाही, शंभर जणांनी विचारलं की खरेदीदार आम्हाला विचारतो, हा माझा अनुभव आहे. बऱ्याच पनेटवर ग्लोबल गॅपचा तेरा आकडी जीजीएन क्रमांक असतो, तो टाकून प्रमाणपत्र कुणाचं आहे ते बघता येतं. बोअर किती फूट आहे ते मात्र त्यात दिसणार नाही. मेमध्ये आजोळी याल तेव्हा एक दिवस काढा, ओझरहून कालव्याच्या कडेने येवल्यापर्यंत गाडीने जाऊ. दोन तासांचा रस्ता आहे. आवर्तन सुरू असेल तर फार बरं.